सिरिंजचे सील

सिरिंजच्या नळीत दट्ट्याच्या टोकावर बसवलेला रबरी भाग म्हणजे सील. औषध मागे झिरपू द्यायचे नाही, बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही आणि तरीही अंगठ्याच्या बेताच्या जोराने सरकायचे, ही त्याची कामे. फार घट्ट बसले तर दट्ट्या अडतो, सैल राहिले तर गळते. शिमग्याला बांबूच्या पिचकारीच्या दांड्याला चिंधी गुंडाळताना मुलांनाही हेच गणित सोडवावे लागते.

नळीतून निरखून पाहिले तर सीलचे दोन काळे कंगोरे नळीच्या भिंतीला चिकटल्यासारखे दिसतात आणि मधला भाग भिंतीपासून सुटा असतो. औषधाची मात्रा पुढच्या कंगोऱ्याच्या काठावर वाचतात. सीलचा मोकळा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा मुद्दाम किंचित मोठा ठेवलेला असतो. त्यामुळे आत दाबून बसवलेले रबर भिंतीवर सतत रेटा देते. कंगोऱ्याखालचा हा स्पर्शदाब औषधाच्या दाबापेक्षा जास्त असला, की गळती होत नाही. रबराचा आकार बदलतो, पण आकारमान जवळपास बदलत नाही. म्हणून औषध पुढून दाबू लागले की सील भिंतीकडे फुगते आणि अधिकच घट्ट होते.

दाबाचा हिशेब पाहिला तर लहान सिरिंज अधिक कठीण निघते. १० मिलीच्या नळीचा आतला व्यास सुमारे १४.५ मिमी धरला, तर २० न्यूटन जोराने आत साधारण १.२ वातावरणांइतका दाब तयार होतो. १ मिलीच्या, सुमारे ४.७ मिमी व्यासाच्या नळीत तोच जोर ११ वातावरणांपेक्षा जास्त दाब देतो. सिरिंजांसाठीच्या आयएसओ ७८८६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात गळतीच्या चाचणीसाठी ५ मिलीपेक्षा लहान सिरिंजांना ३०० किलोपास्कल (सुमारे ३ वातावरणे) आणि त्यापुढच्यांना २०० किलोपास्कल दाब ठेवला आहे, तो याचमुळे. चाचणीत दट्ट्या एका बाजूला रेटूनही धरतात, कारण प्रत्यक्षात कोणाचाही अंगठा अगदी सरळ दाबत नाही.

ओढतानाची परीक्षा निराळी. कोकणात पावसाळ्यात भातशेतीत फुरसे किंवा घोणस चावल्यावर रुग्ण आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा प्रतिविषाच्या साधारण ८ ते १० बाटल्या लागतात. प्रत्येक बाटलीतली पूड १० मिली पाण्यात विरघळवून पुन्हा ओढून घ्यायची असते. सीलने इथे हवा आत घेतली तर बुडबुडे येतात, मात्रा चुकते आणि घाईच्या वेळी ते काढत बसावे लागते. माझ्या मते गळतीइतकेच महत्त्व या चाचणीला द्यायला हवे.

रचनेचे विश्लेषण आता बहुधा संगणकावर, वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून हिशेब करणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीने होते. सील गोल असल्याने निम्मा छेद पुरतो. आधी ते नळीत दाबून बसवायचे, मग औषधाचा दाब द्यायचा, शेवटी सरकवायचे. जोराच्या प्रमाणात ताण वाढतो हा हूकचा नियम रबरासाठी चालत नाही. त्याऐवजी रबरासाठीची मूनी-रिव्हलिन किंवा ऑग्डेन यांची समीकरणे वापरतात आणि त्यांचे स्थिरांक त्याच रबराच्या ताण-चाचण्यांतून काढावे लागतात. खरी अडचण घर्षणाची. वंगण लावलेल्या रबराचे घर्षण वेगानुसार बदलते, म्हणून संगणकाने दिलेला सरकण्याचा जोर प्रयोगशाळेत मोजून पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

सीलसाठी ब्युटिल रबर, कृत्रिम पॉलीआयसोप्रीन किंवा थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर (रबरासारखे लवचिक प्लास्टिक) वापरतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा आहेत, पण नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी असल्याने अनेक उत्पादक त्यापासून दूर राहतात. सरकण्यासाठी नळीत सिलिकॉन तेल असते. ते जास्त होऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते.

साठवणुकीत दोन बदल होतात. दाबून राहिलेले रबर हळूहळू तोच आकार धरते आणि त्याचा रेटा कमी होतो. दुसरीकडे, कंगोऱ्याखालचे तेल बाजूला सरते आणि दट्ट्या पहिल्यांदा हलवायला जास्त जोर लागतो. उष्णतेने दोन्ही लवकर घडते. किनाऱ्यावरची दमट हवा रबराला फारशी बाधत नाही, पण निर्जंतुक पाकिटाचा कागद ओला झाला तर आतली सिरिंज वापरता येत नाही. म्हणून कोकणातल्या उपकेंद्रांत सिरिंजांचे खोके पत्र्याच्या छपराला आणि ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नयेत आणि जुना साठा आधी वापरावा.