मानवी शरीरक्रियाविज्ञानातील सहयोगी संशोधन, पुणे

जिवंत माणसाच्या शरीराची कार्ये मोजण्यासाठी रुग्णालय, प्रयोगशाळा, संख्याशास्त्रज्ञ आणि गावोगाव फिरणारे कार्यकर्ते यांना एका आराखड्यात बांधणारी व्यवस्था म्हणजे सहयोगी संशोधन संस्था. बेडकाच्या स्नायूवरचा प्रयोग एका खोलीत उरकतो. गर्भारपणापासून ते मूल वयात येईपर्यंतची मोजमापे मात्र कोणत्याही एका विभागाच्या आवाक्यातली नसतात. अशा संस्थेचे खरे काम आकडे तुलनीय ठेवण्याचे आहे. पुण्याजवळच्या गावात घेतलेले माप इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या मापाशेजारी मांडता आले पाहिजे आणि वीस वर्षांनी त्याच मुलाच्या नव्या मापाशीही ताडून पाहता आले पाहिजे.

प्रारंभ : पुणे परिसरात या कामाची सुरुवात कोठून धरायची हे व्याख्येवर ठरते. यंत्राने मोजमाप एवढाच निकष लावला, तर मान लोणावळ्याच्या कैवल्यधामाकडे जातो. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) यांनी ही संस्था 1924 मध्ये स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली (पोटाचे उभे स्नायू पुढे आणून फिरवण्याची योगक्रिया) करताना गुदमार्गाने पाणी वर कसे चढते, हा त्यांचा आरंभीचा प्रश्न. परंपरा त्याचे श्रेय अपानवायूला देई. कुवलयानंदांनी दाबमापक लावून पाहिले, तेव्हा मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला आढळला. या अंशतः निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंवरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. श्वास पूर्ण सोडून कंठ बंद ठेवला आणि छाती फुगवली की श्वासपटल वर ओढले जाते. त्यातच पोटाचे उभे स्नायू पुढे आले की उदरपोकळीचे आकारमान वाढते आणि दाब उतरतो. कंठातून थोडी जरी हवा आत गेली, तरी श्वासपटल खाली येते आणि दाबमापकावरचा फरक नाहीसा होतो. असे प्रयोग फसण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

समान कार्यपद्धतीने अनेक संस्थांनी एकत्र केलेले काम हा निकष धरला, तर आरंभ 1990 च्या दशकात येतो. प्रस्तुत नोंदीत हाच निकष अधिक ग्राह्य मानला आहे. लोणावळ्याच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

पुणे मातृपोषण अभ्यास : हा अभ्यास 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांचा मधुमेह विभाग, आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव यांचा गट आणि साउदॅम्प्टनमधील कॅरोलिन फॉल व डेव्हिड बार्कर यांचे केंद्र हे त्यातील प्रमुख भागीदार. विवाहित स्त्रियांची मापे गर्भ राहण्यापूर्वीच घेतली आणि पाळीच्या तारखा दरमहा घरी जाऊन नोंदवल्या, हे या अभ्यासाचे बळ. तारीख दोन आठवड्यांनी चुकली, तर दिवस भरून जन्मलेले लहान बाळ अपुऱ्या दिवसांचे ठरते आणि पुढचे सारे विश्लेषण बिघडते. म्हणून तारखेला सोनोग्राफीची जोड दिली. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत ही आणखी एक अडचण. जन्मानंतर 72 तासांत बाळापर्यंत पोहोचायचे, तर माहेरचा पत्ताही आधीच नोंदवून ठेवावा लागतो.

या गावांतील 631 बाळांची साउदॅम्प्टनच्या 338 बाळांशी तुलना 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी जन्मवजन अनुक्रमे सुमारे 2.7 व 3.5 किलो होते. मात्र तूट सगळीकडे सारखी नव्हती. प्रमाण विचलनाच्या (मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणाऱ्या आकड्याच्या) एककात पोटाचा घेर 2.38, दंडाचा घेर 1.82 आणि लांबी 1.01 ने कमी होती, तर पाठीवरची त्वचा-घडी (चिमटीत धरलेल्या त्वचेची व तिच्याखालच्या चरबीची जाडी) केवळ 0.53 ने. स्नायू व पोटातील अवयव खुंटले, चरबी मात्र बरीचशी टिकली. ‘कृश पण मेदयुक्त’ बाळ ही संकल्पना येथूनच रूढ झाली. प्रौढांतील याच विसंगतीचे उदाहरण 2004 मध्ये याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांवरून दिले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1 टक्के.

आहाराच्या पाहणीत उष्मांक व प्रथिने यांचा जन्माच्या आकारमानाशी ठळक संबंध दिसला नाही. 18 व्या आठवड्यात घेतलेले दूध आणि 28 व्या आठवड्यातील पालेभाज्या व फळे यांचा मात्र दिसला.

मापनतंत्र : पाठीवरची घडी खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी, तिरकी धरतात. अंगठा व तर्जनीने त्वचा आणि तिच्याखालची चरबी उचलायची, स्नायू चिमटीत येऊ द्यायचा नाही. घडीची जाडी मोजणाऱ्या कॅलिपरचे जबडे दर चौरस मिलिमीटरला 10 ग्रॅम इतका स्थिर दाब देतात. नवजाताची त्वचा पाणीदार असल्याने काटा एकदम न थांबता हळूहळू खाली सरकत राहतो. एकाने लगेच वाचले आणि दुसऱ्याने थांबून वाचले, तर एकाच बाळाची दोन मापे होतात. म्हणून वाचनाची वेळ ठरवून द्यावी लागते आणि सर्व मोजणाऱ्यांकडून तीच बाळे पुन्हा मोजून घेऊन फरक तपासावा लागतो. पोटाचा घेर बेंबीच्या किंचित वर, श्वास सोडलेला असताना घेतात. रडणाऱ्या बाळाचे माप टाळावे.

रक्ताच्या नमुन्यांत चूक अधिक सहज होते. साध्या नळीत रक्त तसेच राहिले, तर तांबड्या पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि सामान्य तापमानाला ते तासाला सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी घटते. गाव ते पुणे या प्रवासात मधुमेहाचे निदान हातचे जाऊ शकते. त्यामुळे फ्लोराइडची नळी, बर्फ आणि रक्तद्रव लवकर वेगळा करणे या तिन्ही गोष्टी लागतात. तांबड्या पेशी फुटल्या तर इन्शुलिनचे माप खोटे कमी येते आणि फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वाचे खोटे जास्त, कारण फोलेट पेशींतच अधिक असते. एककांचाही घोळ होतो : ब12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा 150 पिकोमोल प्रतिलिटर हा उंबरठा म्हणजे सुमारे 203 पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर. कोष्टकावर एकक लिहिलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकत्र करूच नयेत.

मतभेद : कृश-मेदयुक्त बाळाचे मूळ कशात, यावर एकमत नाही. जेम्स नील यांनी 1962 मध्ये काटकसरी, म्हणजे अन्न मिळेल तेव्हा चरबी साठवणाऱ्या, जनुकांची कल्पना मांडली; हेल्स व बार्कर यांनी 1992 मध्ये गर्भातील कुपोषणाशी जुळवून घेणाऱ्या काटकसरी शरीरघडणीची. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेल्या पाकिस्तानी वंशाच्या बाळांतही वजन कमी व चरबी टिकलेली आढळते. हे निरीक्षण वरकरणी जनुकांच्या बाजूचे वाटते, परंतु आईचा स्वतःचा बांधा आधीच्या पिढ्यांच्या उपासमारीतून घडलेला असू शकतो. त्वचा-घडी फक्त कातडीखालची चरबी सांगते, हा आक्षेप रास्त होता. पुणे व लंडनच्या नवजातांचे एमआरआय ताडणाऱ्या 2009 च्या अभ्यासात भारतीय बाळांच्या पोटाच्या भागात अधिक चरबी दिसली, त्यामुळे तो बराच सौम्य झाला.

पुण्याचा स्वतंत्र वाटा सूक्ष्मपोषकांचा. दोन-तृतीयांश मातांत ब12 कमी होते, तर तांबड्या पेशींतील फोलेट केवळ एकीचे कमी होते. ज्यांचे ब12 सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वाधिक प्रतिरोध दाखवणारी निघाली (2008). फोलेट देऊ नये असा याचा अर्थ नाही. मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळण्यासाठी ते हवेच. ब12 ची उणीव तशीच ठेवून एकटे फोलेट वाढवणे हा काळजीचा मुद्दा आहे. निरीक्षणातून आलेल्या संबंधावर कार्यकारणाचा शिक्का मारता येत नाही, म्हणून 2012 मध्ये त्याच मुलांवर, आता किशोरवयीन, ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. एका गटाला रोज 2 मायक्रोग्रॅम ब12, दुसऱ्याला त्यासोबत इतर सूक्ष्मपोषके आणि तिसऱ्याला निष्क्रिय गोळी अशी तिची रचना होती. या मुलामुलींच्या पोटी आलेली बाळे ही अभ्यासाची तिसरी पिढी.