काचेतला बुडबुडा वर का येत नाही?

हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळांवर हल्ली जाड, रंगीत काचेच्या ताटल्या दिसतात. त्यांच्या पोटात एका मापाचे बुडबुडे रांगेत बसलेले असतात. खालच्या मजकुरात कारागिराने वितळत्या काचेतला बुडबुडा ‘नेमक्या क्षणी गोठवला’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि किंमतही त्या क्षणाचीच लावलेली असते. वाचून वाटावं, सेकंदभर उशीर झाला असता तर सगळे बुडबुडे वर येऊन फुटले असते! प्रत्यक्षात तापमानाचा सगळा कार्यक्रम भट्टीच्या कंट्रोलरमध्ये आधीच भरलेला असतो आणि कारागीर तेव्हा बहुधा घरी जेवत असतो.

कौशल्य आहे, पण ते भट्टी पेटण्याआधीचं. ३ मिमी जाडीच्या दोन पन्हळी काचा घ्यायच्या आणि पन्हळी समोरासमोर, एकमेकींना काटकोनात येतील अशा ठेवायच्या. दोन्ही काचा सारख्याच प्रसरण पावणाऱ्या हव्यात, नाहीतर थंड होताना तडकतात. (अमेरिकेत पोर्टलंडला १९७४ साली सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीचं नाव झालं ते अशा जुळणाऱ्या काचांमुळेच.) साधारण ६५० ते ६७५ अंश सेल्सियसला भट्टीचं तापमान अर्धा तास किंवा जास्त स्थिर ठेवतात. काच मऊ होऊन बसू लागते, जादा हवा पन्हळींच्या नळ्यांतून कडेने निघून जाते. मग पन्हळी जिथे एकमेकींना टेकतात तिथे चिकटतात आणि प्रत्येक चौकोनात थोडी हवा अडकते. त्यानंतर ८०० अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी ४८० अंशांजवळ थांबून हळूहळू थंड करणं. चौकोनी कप्पे तोवर गोल झालेले असतात.

पण मग ते वर का येत नाहीत? काचेपेक्षा हवा दोन हजार पटींहून हलकी, म्हणजे उसळी आहेच. अडवते ती काचेची श्यानता, म्हणजे दाटपणा. मधाची श्यानता १० पास्कल-सेकंदांच्या (हे श्यानता मोजायचं एकक) घरात असते. काच कारखान्याच्या भट्टीत १४५० अंशांना वितळलेली काचही साधारण तेवढीच असते. तिथे २ मिमी व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जवळपास १ मिमी चढतो. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यापासून आजच्या फ्लोट काचेपर्यंत, म्हणजे खिडक्यांच्या सपाट काचेपर्यंत, सगळ्यांनी बुडबुडा हा दोष मानला आणि याच वेगाच्या भरवशावर तो घालवला. आपल्या छोट्या भट्टीत ८०० अंशांना मात्र श्यानता लाखाच्या घरात जाते, म्हणजे मधाच्या दहा हजार पट. तोच बुडबुडा आता तासाभरात मिलिमीटरचा तिसरा हिस्सा चढेल. पंधरा मिनिटांत किती, ते तुम्हीच काढा.

इथे खरी गंमत सुरू होते. काच इतकी हट्टी असेल, तर चौकोनी कप्पा गोल तरी कसा होतो? ते काम पृष्ठताणाचं, म्हणजे पृष्ठभागाच्या आकसून घेण्याच्या ओढीचं. काचेचा पृष्ठताण पाण्याच्या चौपट. कप्पा गोल व्हायला लागणारा वेळ म्हणजे श्यानता गुणिले त्रिज्या भागिले पृष्ठताण, साधारण साडेपाच मिनिटं. स्वतःच्या त्रिज्येइतकं वर चढायला त्याच बुडबुड्याला तीन तासांहून जास्त लागतात. दोन्ही वेळा श्यानतेच्या प्रमाणात वाढतात, म्हणून त्यांचा भागाकार केला की श्यानता गळून जाते! तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी आधी गोल होणार आणि फार नंतर चढणार हा क्रम बदलत नाही. तो फक्त आकारावर ठरतो. सीमा येते पृष्ठताणाला घनता आणि गुरुत्वत्वरणाने भागून वर्गमूळ काढल्यावर. काचेसाठी ते सुमारे साडेतीन मिमी. त्रिज्या याच्या खूप खाली असेल तर बुडबुडा ऐकतो, वर गेली तर ऐकत नाही. फ्यूजिंग, म्हणजे भट्टीत काचा तापवून एकमेकींत जोडण्याचं काम, करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असलेला ‘६ मिमीचा नियम’ही याच आकड्याचा भाऊ आहे. काच त्याहून पातळ असली तर कडा आत ओढून घेते, जाड असली तर पसरते.

दुसरी पद्धत खाण्याच्या सोड्याची. दोन काचांमध्ये चिमूटभर भुरभुरला की असंख्य बारीक बुडबुडे येतात. ढोकळ्यासारखंच, असं सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं. सोड्याचा पहिला कार्बन डायऑक्साइड २०० अंशांच्या आतच निघून जातो, तेव्हा काचा उघड्याच असतात. मागे उरलेलं सोडियम कार्बोनेट पुढे काचेतल्या सिलिकाशी अभिक्रिया करतं आणि पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडतं. अडकतो तो हा दुसरा.

 

बुडबुडे हवेच्या प्रसरणामुळे होतात हाही एक समज. हवा अडकते तेव्हाच ती ६७५ अंशांना असते. तिथून ८०० पर्यंत ती जेमतेम १३ टक्के फुगते. काच आणि ती जिच्यावर ठेवतात ती भट्टीतली फळी (शेल्फ) यांच्यामध्ये हवेचा पसरट थर राहिला तर मात्र तेवढंही भारी पडतं. ६ मिमी काचेचं वजन हवेच्या दाबाच्या हजारात दीड भाग, म्हणजे तो थर नुसता दीड अंश तापला तरी काच उचलू शकतो. मग मोठा फुगा येतो, पातळ होतो आणि फुटतो.

थंड होताना उलटं घडतं. पाचशे-साडेपाचशे अंशांपाशी काच घट्ट होते आणि बुडबुड्याचं आकारमान कायम होतं, पण आतली हवा निवतच राहते. केल्व्हिनमध्ये सुमारे ८०० वरून ३०० वर आल्यावर दाब उरतो वातावरणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. म्हणून काच पाण्याखाली ठेवून ड्रिलने असा बुडबुडा फोडला, तर हवा बाहेर येण्याऐवजी पाणी आत ओढलं जाईल आणि तो साठ टक्क्यांच्या आसपास भरेल.