भूल उतरतानाचा गोंधळ आणि दोन दिवसांनंतरचा भ्रम

जत, आटपाडी, अथणीकडची म्हातारी माणसं खुब्याच्या ऑपरेशनला मिरजेत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा सलाईन ओढू लागले, पोराला ओळखेनात, की घरचे म्हणतात, "भूल अजून उतरली नाही." याच समजुतीत अख्खी रात्र वाया जाते, म्हणून भूल उतरतानाचा गोंधळ आणि हा नंतरचा भ्रम यांतला फरक कळायलाच हवा.

भूल उतरतानाचा गोंधळ शुद्धीवर येतायेताच होतो, बहुधा रिकव्हरी रूममध्ये. लहान मुलांत तो जास्त. टॉन्सिल काढलेलं चार वर्षांचं पोर आईलाही न ओळखता हातपाय झाडतं. बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपोआप निवळतं. तोवर ते पडू नये, सुई निघू नये एवढं बघायचं. बाकी भूलतज्ज्ञ जवळ असतात.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे नंतरच्या भ्रमात, माणूस आधी नीट शुद्धीवर आलेला असतो, चहा मागून प्यालेला असतो. मग एक ते तीन दिवसांत बिघडतो. सकाळी बरा, रात्री पुन्हा तेच. पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखाली बधिर केलेल्यांनाही हे होतं, तेव्हा उरलेल्या भुलेला दोष देण्यात अर्थ नाही. कारण शोधावं लागतं: तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, घटलेलं सोडियम किंवा ऑक्सिजन, न थांबलेलं दुखणं, झोपेची गोळी. रोजची दारू एकदम बंद झाली तरी होतं आणि त्यात झटकेही येऊ शकतात. पिण्याची सवय डॉक्टरांपासून कृपा करून लपवू नका.

मला जास्त धास्ती याच भ्रमात गप्प पडून राहणाऱ्यांची वाटते. जेवण नको, उत्तर उशिरा, नजर हरवलेली. "दमलेत, झोपू दे" म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी जमणारं आज जमेना, तर त्याच वेळी सिस्टरना सांगा, "हे काल असे नव्हते." हा म्हातारपणचा विसराळूपणा नव्हे, तो महिनोन्‌महिने वाढत जातो, हे काही तासांत येतं.

चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरी ठेवून येऊ नका. दिवसा खिडकी उघडी, रात्री उजेड-आवाज कमी, उशाशी ओळखीचं माणूस. कारणावर उपचार झाले तरी पूर्ण ताळ्यावर यायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात.