हळदीच्या गळ्याची चिमणी

गेल्या मार्चात, 20 तारखेच्या चिमणी दिनाच्या तोंडावर, एका मित्राने फोटो पाठवला. त्याचं शेत कवठेमहांकाळच्या बाजूला. बाभळीच्या फांदीवर चिमणीएवढा पक्षी आणि गळ्याखाली पिवळा ठिपका. खाली लिहिलेलं, "सांगलीच्या हळदीच्या वखारीत चरून आलेली दिसते!" त्याने गंमत केली होती. पण चार ग्रुप फिरून तोच फोटो माझ्याकडे परत आला तेव्हा "हळदीवरच्या रसायनाने चिमणीचा रंग बदलला" अशी त्याची बातमी झाली होती.

हळदीचा काडीचा संबंध नाही. ही रानचिमणी, पुस्तकी नाव पीतकंठी चिमणी. मुंबईत शाळकरी सलीम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने पाडली ती हीच. गळा पिवळा कसा, म्हणून मामांना विचारलं, मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं आणि पोरगा जन्मभरासाठी पक्ष्यांच्या नादी लागला. ठिपक्याने चकवलेला आमचा मित्र काही पहिला नव्हे.

खरं तर ओळखायला तो ठिपका फारसा कामाचा नाही. मान जरा आखडली की तो झाकला जातो, आणि मादीत असला तर असतो, तोही पुसट. पाठ बघा. घरचिमणीच्या पाठीवर काळ्या-तपकिरी रेघोट्या असतात, रानचिमणीची पाठ कोरी, मातकट. पंखावर दोन पांढरे पट्टे, नराच्या खांद्यावर तांबूस डाग, चोच जरा निमुळती. घरटं झाडाच्या ढोलीत.

शाळूच्या रानात मात्र वेगळीच पंचाईत. कणसांवर उतरलेला "चिमण्यांचा" थवा पुष्कळदा सुगरणींचा निघतो. पावसाळा सोडला तर नरसुद्धा मादीसारखाच दिसतो, पाठीवर रेघाही असतात. इथे शेपूट बघायचं, ते आखूड, आणि चोच चांगली जाड. जत-माणच्या माळावर जमिनीवरून तुरुतुरु चालत जाणारी "चिमणी" दिसली तर ती डोंबारी चंडोलाची मादी असू शकते. चिमणी टुणटुण उड्या मारते, चंडोल पाय टाकत चालतो.

ऑक्टोबरात मित्राचा दुसरा फोटो आला. घरचिमणीचा नर, पण गळ्यावरचं काळं लाळेरं राखेने माखल्यासारखं. "बुरशी आलीय का रे हिला?"

बुरशी नाही, नवे कपडे. आणि माझ्या मते चिमणीची सगळ्यात सुंदर गोष्ट ती हीच.

पीस एकदा पुरतं वाढलं की ते मेलेलं असतं, आपल्या नखासारखं. आत रक्त नाही, त्यामुळे नवा रंग पोचवायची वाटच बंद. मग विणीच्या हंगामात नटायचं कसं? सुगरणीचा नर खर्चिक मार्ग धरतो: हंगामाआधी पिसं गाळून डोक्यावर नवी पिवळी उगवतो आणि हंगाम सरला की पुन्हा गाळतो. चिमणीचा नर वर्षातून एकदाच, वीण आटोपल्यावर, पिसं बदलतो. गळ्याच्या प्रत्येक नव्या पिसाचं बूड काळं, पण टोकाला पांढुरकी कड. पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली, त्यामुळे वरच्याची कड खालच्याचा काळा भाग झाकते. म्हणून नवा पिसारा मळकट दिसतो. पुढे धुळीत अंघोळ, दाण्यात चोच, वळचणीत आत-बाहेर. कडा झिजत जातात आणि खालचं काळं उघडं पडतं. नवरदेव नटत नाही, झिजून चमकतो.

पण कडाच का झिजतात? पीस केरॅटिनचं, म्हणजे आपलं नख ज्या प्रथिनाचं असतं त्याचंच. काळ्या भागात त्या केरॅटिनमध्ये मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण रुतलेले असतात आणि त्यांनी तो भाग चिवट होतो. फिकट कडेत हे कण नसल्यात जमा. त्यातही मेलॅनिन दोन जातींचं: युमेलॅनिन काळं, फिओमेलॅनिन तांबूस. नराच्या डोळ्यामागचा बदामी पट्टा मुख्यतः दुसर्‍याची करामत. पिसाच्या दांड्याला फाटे, फाट्यांना उपफाटे, उपफाट्यांना एकमेकांत अडकणारे आकडे. घासलं की आधी जातात ते हे बिनरंगी उपफाटे. चोचीचं गणित निराळं. ती विणीच्या काळात टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकामुळे काळी होते आणि नंतर पुन्हा फिकी पडते.

लाळेरं मोठं तो नर थव्याचा पाटील, असं बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. 2018 मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांची एकत्र फेरतपासणी झाली आणि तो दावा डळमळला. पाटीलकी गळ्यावर लिहिलेली नसावी.

धुळीच्या अंघोळीवरून आठवलं. चिमण्या मातीत लोळल्या की पाऊस येतो म्हणतात. चिमण्या भर उन्हाळ्यातही लोळतात. पिसांतलं जादा तेल आणि किडे घालवायला ते लागतं. मोबाईल टॉवरने चिमण्या संपल्या ही त्याचीच शहरी आवृत्ती. ठोस पुरावा कुणी दिलेला नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2020 चा अहवाल सांगतो की एकूण देशात चिमणी साधारण टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या महानगरांत. पिल्लांना किडे-अळ्या लागतात, घरट्याला भोक लागतं. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत दोन्ही मिळत नाही.

परवा तिसरा फोटो आला. विहिरीच्या कठड्यावर पाठमोरा पक्षी, उडायच्या बेतात, सगळाच हललेला. रेघा आहेत की कॅमेर्‍याचा दोष, कळेना. शेपटीच्या आड मित्राचंच बोट आलेलं. मी कळवलं, "मादी. कुणाची ते विचारू नकोस."