चिठ्ठी द्यायची की थांबायचं?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, तातडीची वेळ सोडली तर, पोट दुखतंय म्हणून थेट सर्जनकडे जाता येत नाही. 1948 साली ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून वाट फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातूनच जाते. त्यांनी चिठ्ठी दिली की मग हॉस्पिटलातला तज्ज्ञ. पण चिठ्ठ्या मोजायला बसलं की एखादा डॉक्टर दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट रुग्ण पाठवताना दिसतो. आपल्या मनात लगेच 'कट'चा, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलच्या कमिशनचा, संशय येईल. तिथे मात्र चिठ्ठीमागे डॉक्टरच्या हाती काही पडत नाही.

मग फरक येतो कुठून? थोडा रुग्णांच्या वयातून, गरिबीतून. थोडा निव्वळ योगायोगातून, आणि हे फार सहज विसरलं जातं. हॉस्पिटलच्या एखाद्या विभागाकडे दर डॉक्टरमागे वर्षाला सरासरी 10 चिठ्ठ्या जात असतील, तर एकाच्या 6 आणि दुसऱ्याच्या 14 निघूनही दोघांची पद्धत अगदी सारखी असू शकते.

बाकीचं बरंचसं त्या दहा मिनिटांच्या भेटीत ठरतं. समोर साठीच्या बाई आहेत. भूक मंदावलीय, वजन जरासं उतरलंय, रक्ताचे रिपोर्ट ठीक. एक डॉक्टर म्हणतो, "दोन आठवड्यांनी पुन्हा या." दुसरीच्या हातून मागे एक कॅन्सर निसटलेला असतो, ती चिठ्ठी लिहिते. ज्ञान दोघांचं सारखंच. नक्की माहीत नसताना थांबणं किती झेपतं, ते मात्र वेगळं.

म्हणून जास्त चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला सरसकट घाबरट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. कॅन्सरची शक्यता किमान किती असली की चिठ्ठी द्यायची, ती मर्यादा तिथल्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनी साधारण 3 टक्क्यांवर आणली. त्या मर्यादेवरचे 100 रुग्ण पाठवले तर 97 जणांना कॅन्सर नसणार, हे गृहीतच धरलेलं आहे. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या 8 हजारांहून अधिक दवाखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सरच्या संशयाची तातडीची चिठ्ठी जे दवाखाने क्वचित वापरत, त्यांच्या कॅन्सर-रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे. तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

थांबणारा डॉक्टरही चुकतोच असं नाही. तो बाईंना पुढची तारीख कागदावर लिहून देतो का, कोणता त्रास झाला तर त्याआधीच यायचं हे सांगतो का, आणि त्या आल्या नाहीत तर दवाखान्यातून फोन जातो का, यावर सगळं अवलंबून आहे. चिठ्ठ्यांच्या मोजणीत यातलं काहीच दिसत नाही.