भिजलेलं बोट आणि फोनची काच

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव उरकत आला होता. एका मावशींकडून बांगड्यांचा वाटा घेतला. विळीवर मासे साफ करून झाल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, माझे पैसे आलेत का ते बघायला. बोट टेकवलं तर पडदा इकडून तिकडे सरकला, भलतंच काहीतरी उघडलं. पदराच्या कोरड्या टोकाला बोट पुसून त्यांनी पुन्हा दाबलं. शेवटी फोन माझ्यापुढे धरला. "बाय, तूच दाब गो. माझं बोट घेत नाय तो."

दिवसभर पाण्यात राहून त्यांच्या बोटांची टोकं पांढुरकी पडली होती, मनुक्यासारखी सुरकुतली होती.

फोनच्या काचेखाली वीजवाहक पदार्थाची पारदर्शक जाळी असते. आपलं शरीर क्षारयुक्त पाण्यानं भरलेलं, म्हणून बोट टेकलं की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला स्पर्श कळतो. काचेवर खारं पाणी पसरलेलं असलं की बोटाला चिकटलेला तो सगळा ओला पट्टाच फोनला बोट वाटतो. एक बोट की चार, ते त्याला उमगत नाही. वनप्लसनं 'ॲक्वा टच' नावाची सोय आणली, पडद्यावर पाऊस पडत असतानाही बोट ओळखणारी. पण पावसाचे थेंब वेगळे आणि मासळीच्या बुळबुळीत पाण्यानं माखलेला हात वेगळा.

बोटांच्या सुरकुत्यांची गोष्ट मात्र मला त्याहून मोठी वाटते. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुतते, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. पण हाताचा मुख्य मज्जातंतू तुटलेल्यांची त्या भागातली बोटं पाण्यात ठेवली तरी गुळगुळीतच राहतात, हे १९३०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे सुरकुत्या शरीर स्वतः पाडतं. घामाच्या छिद्रांतून पाणी आत शिरतं, मज्जातंतूंना इशारा मिळतो, बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आतला गर कमी होतो आणि वरची कातडी आत ओढली जाते.

कशासाठी? इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठानं २०१३मध्ये लोकांना पाण्यातल्या गोट्या आणि मासेमारीची शिशाची वजनं उचलायला लावली. सुरकुतलेल्या बोटांनी हे काम सुमारे १२ टक्के लवकर झालं. कोरड्या वस्तूंना फरक पडला नाही. बर्लिनच्या संशोधकांना पुढच्याच वर्षी असा फायदा आढळला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण लंडनच्या विज्ञान संग्रहालयात शेकडो माणसांवर केलेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांना ओली वस्तू धरायला कमी जोर लागतो असं दिसलं. निसटता बांगडा धरून विळीवर फिरवणारा हात ज्यानं पाहिलाय, त्याला हे पटायला जड जाणार नाही.

आणि २०२५मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातून आणखी एक गोष्ट पुढे आली: एकाच बोटाला भिजल्यावर दर वेळी त्याच जागी, त्याच नक्षीच्या सुरकुत्या पडतात. रक्तवाहिन्यांची जागा फारशी बदलत नाही, म्हणून.

रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला मात्र कोरडा, ठसठशीत ठसाच लागतो. ठशाच्या रेषा काचेला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत, त्या फरकातून चित्र उमटतं. खाचांत पाणी भरलं की चित्र फिसकटतं. काजूच्या हंगामात तर रेषाच झिजतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. ओल्या काजूबीच्या चिकातलं अनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल कातडी भाजून काढतात. बोटांना राख चोळून बिया फोडल्या तरी सालपटं निघतात.

आधारमध्ये बुबुळ आणि चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. मासळी विकणाऱ्या, काजू फोडणाऱ्या बायांना अंगठा पाच-पाच वेळा घासायला लावण्याआधी ती सोय पुढे करायला हवी. आणि नवा पडदा, नवं मशीन तपासताना चाचणीच्या टेबलावर मिठाच्या पाण्याची बादली असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मावशींच्या फोनवर मी बोट टेकवलं. पैसे आले होते. "आले ना?" म्हणत त्यांनी फोन न बघताच पिशवीत टाकला आणि ते हात पुन्हा पाटीत घातले.