लासलगावचा कोबाल्ट आणि चाळीतला कांदा

३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं अन्नप्रक्रियेसाठीच्या किसान संपदा योजनेला १,९२० कोटी वाढवून दिले, आणि त्यातल्या १,००० कोटींत देशभर ५० विकिरण केंद्रं (म्हणजे अन्न टिकावं म्हणून त्याला किरणांचा डोस देणारी) आणि १०० अन्न तपासणी लॅब उभ्या करायच्या असं ठरलं. तेव्हापासून आमच्याकडे नाशिकला जो तो म्हणतोय की आता कांदा सडणार नाही, भाव कोसळणार नाही, अणुविज्ञान शेतकऱ्याच्या बांधावर आलं. मला ऐकून बरंही वाटतं आणि जीवही तुटतो, कारण असलं केंद्र निफाड तालुक्यात लासलगावला गेली वीसेक वर्षं उभं आहे, खास कांद्यासाठीच म्हणून बांधलेलं, आणि तरी माझ्या मामाच्या कांदा साठवायच्या चाळीतला एक कांदा आजपर्यंत त्याच्या आत गेलेला नाहीये. हे असं का झालं हे नीट समजून घेतल्याशिवाय नवीन ५० चं काय होणार हे कळायचं नाही, म्हणून हे सगळं मागचं लिहितोय.

आधी कांद्याचं वर्ष कसं चालतं ते सांगतो, शहरातल्या लोकांना हे खरंच माहीत नसतं. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, त्याच्यामागून रांगडा येतो, आणि डिसेंबर-जानेवारीत लागण केलेला उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकतच नाही, काढला की मार्केटला नेला. टिकतो तो फक्त उन्हाळ, आणि देशाच्या वर्षाच्या कांद्यातला निम्म्याहून बराच जास्त माल तोच असतो. म्हणजे मे महिन्यात चाळीत भरलेला हा कांदा साऱ्या देशाला ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा, मधे दुसरं पीक नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात जोराचा पाऊस झाला आणि लाल कांदा शेतातच सडला की चाळीतला शेवटचा कांदा सोन्याच्या भावानं जातो, आणि मग दिल्लीत धावपळ सुरू होते. हे दर दोन-तीन वर्षांनी होतं.

आता चाळ. खालून दीड-दोन फूट उचललेली, बाजूनं बांबू नाहीतर जाळी, वर पत्रा किंवा कौलं, वारा खालून-बाजूनं खेळता राहिला पाहिजे एवढंच तिचं तंत्र, पण ते विचार करून केलेलं तंत्र आहे. कांद्याला मोड कमी कधी येतात तर एकदम थंडीत, शून्य ते दोन अंशाला, नाहीतर मग गरमीत, पंचवीस-तीस अंशाला. मधल्या दहा-वीस अंशाला तो भराभर उगवतो. म्हणून एप्रिल-मे-जूनच्या उन्हात चाळीतला कांदा मोड धरत नाही, फक्त वजनात घटतो. खरा त्रास पावसाळ्यात, हवा दमट होते, काजळी म्हणजे काळी बुरशी धरते, मानेपासून पाणी सुटतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात हवा गार झाली की मोड. तेव्हा चाळीजवळून जाताना नुसत्या वासावरून मामा सांगतो की आत कुठल्या कप्प्यात सडायला लागलंय, आणि मग सगळं घर बसून कांदा निवडतं. सीझनभरात तीस-चाळीस टक्के माल असा जातो, हा आकडा सगळेच सांगतात आणि आमच्या घरचा अनुभव त्याच्यापेक्षा फार वेगळा नाही.

या नुकसानीवर विज्ञानानं काही केलंच नाही असं अजिबात नाही. नाशिक जिल्ह्यात कांद्यावर जेवढं काम झालंय तेवढं क्वचितच कुठे झालं असेल. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राचं नाव तर बसवंत ७८० या वाणातच आहे. नाफेड या सहकारी कृषी पणन संस्थेनं १९७७ मध्ये उभी केलेली संशोधन संस्था, जिला आपण आज एनएचआरडीएफ म्हणतो, तिनं ॲग्रीफाऊंड लाइट रेडसारखे वाण दिले. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये सुरू झालं तेही नाशिकलाच, नंतर १९९८ ला ते राजगुरुनगरला गेलं, आणि ते नाशिकमधून गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग विकिरण. भाभा अणुसंशोधन केंद्रानं मुंबईत यावर खूप आधीपासून काम केलेलं होतं. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या एकत्र तज्ज्ञ समितीनं सांगितलं की १०,००० ग्रेपर्यंतचा (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस दिलेलं अन्न खायला सुरक्षित आहे. भारतात १९९४ मध्ये कांदा, बटाटा आणि मसाल्यांना कायद्यानं परवानगी मिळाली. आणि २००२-०३ च्या सुमारास लासलगावला कृषी उत्पादन संरक्षण केंद्र सुरू झालं, ज्याला सगळे 'कृषक' म्हणतात.

आत होतं काय तर कोबाल्ट-६० मधून गॅमा किरण निघतात आणि कांद्याच्या क्रेट त्यांच्यासमोरून फिरवतात. डोस साधारण ६० ते ९० ग्रे, म्हणजे सुरक्षित ठरवलेल्या मर्यादेच्या शंभराव्या भागाइतका. कांद्याच्या गाभ्यात जो कोंब असतो त्याच्या पेशींचा डीएनए त्यानं बिघडतो, पेशी दुभंगत नाहीत, कोंब वाढतच नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही, हे मी दर वेळी सांगतो कारण रेडिएशन म्हटलं की लोकांना चेर्नोबिल आठवतं. एक्स-रे काढलेला माणूस जसा नंतर दुसऱ्याला रेडिएशन देत नाही तसंच आहे हे.

पण या तंत्राच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजेत, त्या सरकारी बातम्यांत येत नाहीत. विकिरणानं मोड थांबतात, सड थांबत नाही. काजळी, मानकूज, वजनातली घट यांच्यावर त्याचा काहीएक इलाज नाही, उलट मार लागलेला किंवा मान नीट न वाळलेला कांदा आत पाठवला तर तो तसाच सडून बाहेर येणार. आणि वेळ फार महत्त्वाची. काढणीनंतर कांदा काही आठवडे झोपेत असतो, तेवढ्यातच डोस द्यावा लागतो, एकदा आतला कोंब जागा झाला की मग डोस दिला तर तो कोंब आतल्या आत मरून काळा पडतो आणि कापल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडतं. शिवाय पूर्ण फायदा पाहिजे तर नंतर कोल्ड स्टोरेज लागतं, म्हणजे वीजबिल, म्हणजे किलोमागे खर्च वाढला. म्हणजे नुसतं विकिरण युनिट बांधून भागत नाही, आधी शेतात पातीसकट नीट वाळवणी, मग निवड, मग डोस, मग गार खोली, एवढी सगळी साखळी पाहिजे.

लासलगावच्या केंद्राचं नाव जगात झालं ते मात्र आंब्यामुळे. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश भारतात आले तेव्हा अणुकराराबरोबर आंब्याचंही ठरलं, आणि अमेरिकेची अट होती की फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांचा बंदोबस्त करायला आंब्याला किमान ४०० ग्रेचा डोस द्यायचा. त्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं मंजूर केलेलं केंद्र म्हणजे आमचं लासलगाव, आणि एप्रिल २००७ मध्ये तिथून आंबा अमेरिकेला गेला. मला याचा अभिमानच आहे. पण बघा, हापूसचा सीझन एप्रिल-मे आणि उन्हाळ कांद्याला डोस द्यायचे दिवसही एप्रिल-मे, आणि एका किलो आंब्याला जो खर्च सहज परवडतो तो कांद्याला परवडत नाही. शिवाय सीझनला एकट्या लासलगाव मार्केटला दिवसाला पंधरा-वीस हजार क्विंटल आवक येते, जिल्ह्यातली बाकीची मार्केटं वेगळीच, एवढा माल एका केंद्रात कुठे मावणार.

तरीही मी म्हणतो की खर्च हे खरं कारण नाहीच. सहा महिने कांदा टिकवून चांगला भाव मिळणार असेल तर खर्च करायला नाशिकचा शेतकरी कधी मागे हटलेला नाही, द्राक्षावर तो एकरी लाखांत खर्च करतो. खरं कारण हे की टिकवलेला कांदा विकायची वेळ आली की नेमकं तेव्हाच सरकार मधे पडतं, आणि याचा इतिहास जुना आहे.

१९८० हे एकच वर्ष घ्या. जानेवारीतल्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची महागाई इंदिरा गांधींनी प्रचारात गाजवली आणि त्या सत्तेत परत आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्यांच्याच राज्यात, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली आणि खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. खाणाऱ्याचा कांदा निवडणुकीचा मुद्दा झाला आणि पिकवणाऱ्याच्या कांद्याला गोळी मिळाली, दहा महिन्यांच्या अंतरानं. आमच्याकडची जुनी माणसं अजून खेरवाडीचं नाव काढलं की गप्प होतात.

मग १९९८, दिल्लीत कांदा भडकला आणि सुषमा स्वराज यांचं सरकार नोव्हेंबरच्या निवडणुकीत पडलं. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या डोक्यात एक भीती पक्की बसली की दिल्लीतला कांदा स्वस्त ठेवायचा, मग नाशिकला काहीही होवो. डिसेंबर २०१० ला निर्यातबंदी, तेव्हा काँग्रेस. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी, तेव्हा भाजप, आणि तीन आठवड्यांवर आपल्याच विधानसभेचं मतदान होतं. म्हणून मी या बाबतीत एका पक्षाला धरत नाही.

सगळ्यात जास्त मला २०२० लागलं. जूनमध्ये अध्यादेश काढून सांगितलं की कांदा आता जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणातून मोकळा, साठवा, गुंतवणूक करा. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी. दुसऱ्या दिवशी, १५ ला, कांदा मोकळा करणारं तेच विधेयक लोकसभेत मंजूर. आणि ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. आता मला सांगा, विकिरण केंद्र आणि कोल्ड स्टोरेजचं गिऱ्हाईक कोण? जो कांदा साठवतो तो. आणि कायदा त्यालाच साठेबाज म्हणून पकडणार असेल तर त्या युनिटमध्ये पैसे कोण घालणार, बँक कर्ज कशावर देणार?

२०२३-२४ तर सगळ्यांना आठवतच असेल. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार, ४० टक्के निर्यात शुल्क. मामानं तेव्हा चाळ फोडायला, म्हणजे साठवलेला कांदा विकायला काढायला घेतलेली, मजूर सांगून ठेवलेले, सोमवारी लिलावच बंद. केंद्रानं मग २,४१० रुपये क्विंटलनं दोन लाख टन घेतो म्हणून जाहीर केलं, पण गावात ती खरेदी आम्हाला काही दिसली नाही. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यात दर, ८ डिसेंबरला थेट बंदी. ती ३१ मार्चला संपणार म्हणून सगळे उन्हाळ कांदा धरून बसले तर बंदी पुढे वाढवली. एप्रिलच्या शेवटी २,००० टन पांढरा कांदा निर्यातीला सोडला, तो गुजरातचा, आणि त्यानं इथं आग लागली. ४ मे ला बंदी उठली पण ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच, २० मे ला मतदान झालं, आणि नाशिक, दिंडोरी दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. तोपर्यंत बांगलादेशसारखं जुनं गिऱ्हाईक दर वेळच्या बंदीनं वैतागून पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे बघायला शिकलं होतं, स्वतःकडची लागवडही वाढवत होतं.

याच्या उलट बाजूला जेव्हा भाव पडतो तेव्हा कोणी धावत येत नाही. २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले, त्यानं ते मनीऑर्डरनं पंतप्रधानांना पाठवून दिले. किलोला दीड रुपयाच्या आतला भाव. त्या वर्षी कांदा कितीही टिकवता आला असता तरी काय उपयोग होता.

सरकारनं स्वतःचा बफर स्टॉक, म्हणजे भाव आवरायला ठेवलेला साठा, वाढवला हे खरं आहे, २०२०-२१ ला एक लाख टन, २०२३-२४ ला पाच लाखांचं लक्ष्य, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा घेऊन 'कांदा एक्सप्रेस' दिल्लीला गेली. ग्राहकाच्या बाजूनं हे चांगलंच काम आहे. पण हा साठा बाजारात उतरतो कधी तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे शेतकऱ्याच्या चाळीतल्या कांद्याला चार पैसे मिळायची वेळ आली की तेव्हाच. उद्या विकिरण आणि कोल्ड स्टोरेज सगळं सरकारी बफरसाठीच वापरलं तर तंत्रज्ञान जिंकेल आणि मामासारखी माणसं आणखी मागे पडतील, ही माझी खरी काळजी आहे.

म्हणून नवीन ५० पैकी एखादं युनिट नाशिकला येणार असेल तर मला त्याच्या मशीनपेक्षा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, एप्रिल-मे मध्ये ते युनिट आंब्यासाठी बुक होणार का कांद्यासाठी मोकळं ठेवणार, आणि गावातला दहा-वीस क्विंटलवाला शेतकरी तिथे पिकअप घेऊन गेला तर त्याचा माल घेणार का. आणि दुसरी, एप्रिलला पैसे खर्चून डोस दिलेला कांदा सप्टेंबरात बाहेर काढू तेव्हा निर्यात चालू असेल, साठ्यावर मर्यादा नसेल, हे निदान एका सीझनपुरतं तरी आधी लिहून कोण देणार. मामाला मी हे सगळं समजावून सांगितलं, कोबाल्ट, ग्रे, डीएनए सगळं, त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे रे, पण तिथं ठेवलेला कांदा मला पाहिजे तेव्हा विकू देतील का?"